घराचा मध्यस्थ : नोंदणी, पात्रता आणि देखरेख



मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आयुष्यात घरखरेदी हा एकच व्यवहार असा असतो, की ज्यात वीस-पंचवीस वर्षांची बचत आणि पुढच्या वीस वर्षांचे हप्ते एका सहीनिशी दुसऱ्याच्या हवाली होतात. सोने घ्यायचे तर पिढ्यान्‌पिढ्यांचा सराफ असतो. मुलीचे स्थळ पाहायचे तर दोन्हीकडचे आप्त दहा ठिकाणी चौकशी करतात. घर घेताना मात्र ज्याची ओळख अवघ्या आठ-पंधरा दिवसांची आहे, अशा माणसाच्या शब्दावर बहुधा भिस्त ठेवली जाते. कोणी त्याला एजंट म्हणते, कोणी ब्रोकर, आणि जुन्या बोलीत तो दलाल. या माणसाला हा व्यवसाय करण्याचा अधिकार कोण देतो, त्याच्यावर नजर कोण ठेवतो आणि तो चुकला तर त्याला जाब कोण विचारतो, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

दलाल हा शब्द आज शिवीसारखा वापरला जातो, हे खरे पाहता अन्यायाचे आहे. बाजारपेठेत दलालाला पत होती आणि त्या पतीवरच त्याचा धंदा चाले. विकणारा आणि घेणारा परस्परांना ओळखत नाहीत, म्हणून दोघांनाही ओळखणारा तिसरा लागतो. समाजाच्या आर्थिक व्यवहारातील ती एक स्वाभाविक गरज होय. प्रश्न मध्यस्थाच्या असण्याचा नाही. तो कोणाला उत्तरदायी आहे, हा प्रश्न आहे.

या बाबतीत आपल्या राज्याचा इतिहास मोठा विलक्षण आहे. शेतमालाच्या खरेदी-विक्रीचे नियमन करणारा महाराष्ट्राचा कायदा १९६३ चा. त्या कायद्याने बाजार समितीच्या आवारात कांदा-बटाटा विकून देणाऱ्या अडत्याला परवाना बंधनकारक केला. सदनिकांच्या विक्रीचे नियमन करणारा आणि ‘मोफा’ या नावाने ओळखला जाणारा कायदाही त्याच १९६३ सालचा. त्यात इमारत बांधणाऱ्या प्रवर्तकावर अनेक बंधने आली. पण ते घर गिऱ्हाइकाच्या गळी उतरवणाऱ्या मध्यस्थासाठी परवान्याची अट आली नाही. विमा एजंटाला परवाना लागत होता, शेअर दलालाला १९९२ नंतर ‘सेबी’ची नोंदणी लागू लागली. कांद्याच्या पोत्याचा सौदा करणाऱ्याला परवाना आणि माणसाच्या आयुष्यभराच्या कमाईचा सौदा करणाऱ्याला काहीच नको, अशी ही स्थिती अर्धशतकाहून अधिक काळ चालली. इस्टेट एजन्सीची पाटी लावण्यासाठी एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक दूरध्वनी एवढे भांडवल पुरत असे.

ही स्थिती संसदेने २०१६ साली बदलली. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, म्हणजेच सर्वतोमुखी झालेला ‘रेरा’, मार्च २०१६ मध्ये दोन्ही सभागृहांत संमत झाला. त्याची काही कलमे १ मे २०१६ पासून आणि उरलेली १ मे २०१७ पासून अमलात आली. महाराष्ट्राने आपले नियम एप्रिल २०१७ मध्ये प्रसिद्ध केले आणि ‘महारेरा’ हे नियामक प्राधिकरण उभे राहिले. या कायद्याची चर्चा बिल्डरांच्या संदर्भातच अधिक झाली, ते स्वाभाविकही होते. परंतु त्यातील कलम ९ आणि कलम १० ही दोन कलमे केवळ मध्यस्थासाठी आहेत आणि सामान्य कुटुंबाच्या दृष्टीने ती फार मोलाची आहेत.

कायद्याने मध्यस्थाची व्याख्या मुद्दाम ऐसपैस केली आहे. मोबदला घेऊन घेणारा आणि विकणारा यांच्यात बोलणी करून देणारा तर त्यात आलाच. परंतु कोणत्याही माध्यमातून दोघांची केवळ गाठ घालून देणाराही आला. त्याला दलाल म्हणा, डीलर म्हणा, सल्लागार म्हणा किंवा ‘चॅनल पार्टनर’ असे भारदस्त नाव द्या, नावाने काही फरक पडत नाही. अशा व्यक्तीला प्राधिकरणाकडे नोंदणी केल्यावाचून नोंदणीकृत प्रकल्पातील घर, दुकान वा भूखंड विकून देता येत नाही. नोंदणीचा क्रमांक तिला प्रत्येक व्यवहारात नमूद करावा लागतो. महाराष्ट्रात ही नोंदणी पाच वर्षांसाठी मिळते. नियम आले तेव्हा एकट्या व्यक्तीसाठी तिचे शुल्क दहा हजार रुपये आणि कंपनी वा भागीदारी संस्थेसाठी एक लाख रुपये ठेवण्यात आले.

कलम १० मध्यस्थाची कर्तव्ये सांगते. ज्या प्रकल्पाची नोंदणी आवश्यक असूनही झालेली नाही, त्यातील काहीही त्याने विकता कामा नये. हिशेबाची पुस्तके आणि कागदपत्रे त्याने जपून ठेवली पाहिजेत. प्रवर्तकाकडे किंवा स्वतःकडे नसलेली मंजुरी आहे असे भासवणे, देण्याचा इरादाच नसलेल्या सेवांची जाहिरात छापू देणे, हे अनुचित व्यापारी प्रथांमध्ये मोडते. या सर्वांत महत्त्वाचे, आणि दुर्दैवाने सर्वांत दुर्लक्षित, असे एक कर्तव्य आहे. खरेदीदाराला जी माहिती व जे दस्तऐवज मिळण्याचा अधिकार आहे, ते सर्व नोंदणीच्या वेळीच, म्हणजे बुकिंग करतानाच, त्याच्या हाती पडतील अशी व्यवस्था मध्यस्थाने करावयाची आहे.

याचा अर्थ नीट ध्यानात घेण्याजोगा आहे. समजा, नाशिकहून निवृत्त झालेले एक दांपत्य पुण्यात मुलाजवळ घर घेऊ पाहते. मध्यस्थ त्यांना नमुना सदनिका दाखवतो, बाल्कनीतून दिसणारी टेकडी दाखवतो, रविवारपर्यंत धनादेश दिला तर दर कमी होईल असे सांगतो. इथवर त्याने विक्रेत्याचे काम केले. कायदा त्याच्याकडून यापुढचे काम मागतो. मंजूर आराखडा कुठे आहे, जमिनीच्या मालकीचा अहवाल काय म्हणतो, जमिनीवर बोजा आहे काय, प्रकल्प पूर्ण करण्याची जाहीर केलेली तारीख कोणती, चटई क्षेत्र नेमके किती, ही माहिती त्या दांपत्याने मागण्याची वाट न पाहता समोर ठेवणे हा त्याचा धर्म ठरतो. ‘सुपर बिल्ट-अप’ नावाचे जे मायावी माप वर्षानुवर्षे सांगितले गेले, त्याला या कायद्यात थारा नाही. चटई क्षेत्राची व्याख्या कायद्यातच आहे. बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि खुली गच्ची वगळून जे वापरायोग्य क्षेत्र उरते ते चटई क्षेत्र. आतल्या भिंती मात्र त्यात धरल्या जातात. तसेच किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक रक्कम नोंदणीकृत करारनाम्याआधी स्वीकारण्यास प्रवर्तकाला मनाई आहे. हे ठाऊक असूनही जो मध्यस्थ वीस टक्के भरण्याचा आग्रह धरतो, तो कोणाचे हित पाहतो आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

ही कर्तव्ये मोडली तर दंड आहे. कलम ६२ नुसार दररोज दहा हजार रुपये, आणि ही रक्कम विकून दिलेल्या घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत वाढू शकते. साठ लाखांच्या घराला हा हिशेब तीन लाखांचा होतो, म्हणजे तीस दिवसांत कमाल मर्यादा गाठली जाते. दलालीच्या प्रचलित दराशी तुलना केली, तर अख्खी कमाई जाऊन वर खिशातून भरावे लागतील. शिवाय खोटेपणाने मिळवलेली वा अटी मोडलेली नोंदणी, म्हणणे ऐकून घेऊन, रद्द होऊ शकते. रद्द झालेल्या मध्यस्थांची नावे छायाचित्रासह संकेतस्थळावर जनतेसाठी ठेवावीत, असेही कायद्याने सांगितले आहे. पूर्वी पेठेत पत गेली की ती सगळ्यांना कळत असे. त्याचीच ही कायदेशीर आवृत्ती.

इथवर सारे उत्तम दिसते. परंतु पहिल्या पाच-सहा वर्षांचा अनुभव काय होता? शुल्क भरा, अर्ज करा, क्रमांक घ्या. अर्जदाराला कायदा कळतो की नाही, सातबारा आणि मालमत्ता पत्रक यांतील फरक त्याला ठाऊक आहे की नाही, हे कोणी पाहत नव्हते. ती नोंदणी होती, पात्रता नव्हती. वाहनाची नोंदणी आणि चालकाचा परवाना या दोन भिन्न गोष्टी आहेत. इथे पहिलीलाच दुसरी मानले गेले.

ही उणीव महारेराने १० जानेवारी २०२३ च्या आदेशाने भरून काढण्याचा प्रयत्न केला. मध्यस्थांसाठी अभ्यासक्रम ठरला, वीस तासांचे प्रशिक्षण ठरले आणि परीक्षा घेण्याचे काम बँकांच्या परीक्षा घेणाऱ्या ‘आयबीपीएस’ या संस्थेकडे देण्यात आले. पहिली परीक्षा मे २०२३ मध्ये झाली. जुन्या मध्यस्थांना मुदती वाढवून दिल्या गेल्या आणि अखेर १ जानेवारी २०२४ पासून प्रमाणपत्राची अट सर्वांना लागू झाली. बांधकाम कंपनीच्या विक्री विभागात बसून ग्राहकांशी बोलणारा पगारी कर्मचारीही या अटीतून सुटला नाही, ही गोष्ट विशेष स्वागतार्ह. त्यानंतर २०२४ मध्येच प्रमाणपत्र न घेतलेल्या सुमारे वीस हजार मध्यस्थांची नोंदणी महारेराने वर्षभरासाठी स्थगित केली. शासकीय आदेशांच्या बाबतीत मुदतवाढीची जी अखंड परंपरा आपण पाहत आलो, तिच्या पार्श्वभूमीवर हा निर्णय उठून दिसतो.

या परीक्षेबद्दल व्यवसायातून कुरकुर झाली. वीस-पंचवीस वर्षे हाच धंदा करणाऱ्याने आता परीक्षेला बसायचे काय, असा तिचा सूर होता. त्यात तथ्य नाही. अनुभवी माणसाला जमिनीचा भाव कळतो, माणसे कळतात. पण २०१६ चा कायदा त्याला २०१६ पूर्वीच्या अनुभवातून कसा कळणार? उलट ज्याने सचोटीने व्यवसाय केला, त्याला या परीक्षेने उपकृतच केले आहे. कालपर्यंत त्याच्या आणि भामट्याच्या पाटीत काही फरक नव्हता.

आता देखरेखीकडे वळावयास हवे, कारण खरी कसोटी तिथे आहे. मध्यस्थावर देखरेख कोणाची? पहिली प्राधिकरणाची. त्याला मध्यस्थाकडून माहिती मागवण्याचे, चौकशी करण्याचे आणि एखादे कृत्य तत्काळ थांबवण्याचा अंतरिम आदेश देण्याचे अधिकार आहेत. दुसरी जबाबदारी प्रवर्तकाची. प्रकल्पाची नोंदणी करतानाच त्याला आपल्या मध्यस्थांची नावे व पत्ते द्यावे लागतात. ‘एजंट काय बोलला ते आम्हाला माहीत नाही’, हे उत्तर अनेक कार्यालयांत ऐकवले जाते. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम २३८ पाहिले तर ते उत्तर टिकत नाही. मालकाच्या कामाच्या ओघात एजंटाने केलेली चुकीची वा लबाडीची विधाने ही मालकानेच केल्यासारखी धरली जातात, असा त्या जुन्या कलमाचा आशय आहे.

तिसरी जबाबदारी एजन्सीच्या प्रमुखाची. आजच्या शहरांत एकटा मध्यस्थ मागे पडत असून, पन्नास-शंभर तरुणांना कामाला लावणाऱ्या संस्था पुढे आल्या आहेत. हा तरुण महिन्याच्या लक्ष्यावर जगतो. त्याने फोनवर दिलेली आश्वासने कोणी तपासायची? रेराच्या कलम ६९ नुसार कंपनी वा भागीदारी संस्थेकडून अपराध घडला, तर तिच्या कारभाराची सूत्रे ज्याच्याकडे होती तो दोषी मानला जातो. आपण पूर्ण दक्षता घेतली होती हे सिद्ध केले तरच त्याची सुटका. ही तरतूद चांगली आहे, पण ती गुन्हा घडून गेल्यानंतरची आहे. घडू नये म्हणून प्रमुखाने रोज काय करावे, हे ती सांगत नाही.

या ठिकाणी परदेशातील एका व्यवस्थेकडे पाहणे उपयोगी ठरेल. आपल्यापैकी कित्येकांची मुले-मुली कॅलिफोर्नियात स्थायिक आहेत आणि तेथे घर घेताना त्यांना या व्यवस्थेचा अनुभव येतो. त्या राज्याने मध्यस्थांच्या परवान्याचा कायदा प्रथम १९१७ मध्ये केला. तो न्यायालयात टिकला नाही, तेव्हा १९१९ मध्ये पुन्हा केला. तेथे परवाने दोन प्रकारचे असतात. विक्रेत्याच्या परवान्यासाठी एकूण १३५ तासांचे तीन अभ्यासक्रम आणि परीक्षा असते. एवढे करूनही त्या विक्रेत्याला स्वतंत्र दुकान थाटता येत नाही. त्याने परवानाधारक ब्रोकरच्या हाताखालीच काम केले पाहिजे, आणि त्याचा मोबदलाही त्याला त्या ब्रोकरकडूनच मिळतो. ब्रोकर होण्यासाठी साधारणतः दोन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव आणि अधिक अभ्यासक्रम लागतात. ब्रोकरने आपल्या विक्रेत्यांवर वाजवी देखरेख ठेवली पाहिजे, असे नियमच आहे, आणि त्या देखरेखीत काय काय येते हेही लिहून ठेवले आहे. व्यवहाराचे कागद तपासणे, ग्राहकांच्या ठेवीची रक्कम हाताळणे, जाहिराती पाहणे हे सारे त्यात आहे. विक्रेता चुकला तर चौकशी ब्रोकरपर्यंत पोहोचते आणि त्याचा स्वतःचा परवाना पणाला लागतो. परवान्याचे दर चार वर्षांनी नूतनीकरण करताना ४५ तासांचे पुढील शिक्षण दाखवावे लागते.

अमेरिकेचे सारेच अनुकरणीय असते, असे मानण्याचे कारण नाही. २००८ साली तेथील गृहकर्जांचा जो डोलारा कोसळला, त्याने परवानाधारक व्यवस्थेच्याही मर्यादा जगाला दाखवल्या. परंतु गुरूच्या हाताखाली उमेदवारी केल्याशिवाय स्वतंत्र व्यवसाय नाही, आणि शिष्याच्या चुकीचा जाब गुरूलाही, हे तत्त्व आपल्याला परके नाही. आपल्याकडे वैद्यकी, वकिली, सराफी या सर्व व्यवसायांत ते रुजलेले होते. वीस तासांच्या प्रशिक्षणाला एक वर्षाच्या उमेदवारीची जोड आणि एजन्सीप्रमुखाच्या देखरेखीची लेखी नियमावली, एवढी भर महाराष्ट्राने घातली तर व्यवसायाचे रूप पालटेल.

पैशाच्या बाजूनेही एक देखरेख आली आहे, तिची वाच्यता फार होत नाही. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून वार्षिक वीस लाख रुपये वा अधिक उलाढाल असलेल्या स्थावर मालमत्ता एजंटांना काळा पैसा प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आणले. ग्राहकाची ओळख पटवणे, नोंदी पाच वर्षे जपणे आणि संशयास्पद व्यवहार केंद्राच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाला कळवणे ही त्यांची कर्तव्ये ठरली. जागेच्या व्यवहारात रोखीने वीस हजार रुपये वा अधिक रक्कम घेण्यास आयकर कायद्याने १ जून २०१५ पासूनच मनाई केली आहे. ‘थोडे व्हाइट, थोडे ब्लॅक’ असे हसत हसत सुचवणारा मध्यस्थ खरेदीदाराची सोय करत नसतो. तो त्याला एका गुन्ह्यात भागीदार करून घेत असतो. आणि हेही स्पष्ट बोलले पाहिजे, की या सूचनेला मान डोलावणारी सुशिक्षित, प्रतिष्ठित कुटुंबे थोडीथोडकी नाहीत.

तपासणी अवघड नाही. मध्यस्थाकडे त्याचा महारेरा क्रमांक आणि पात्रता प्रमाणपत्र मागावे, संकेतस्थळावर ते पडताळावे. प्रकल्पाच्या जाहिरातीवर १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड बंधनकारक झाला आहे. तो मोबाइलने टिपला की प्रकल्पाची नोंदलेली माहिती समोर येते. त्या पानावर मध्यस्थांच्या यादीत समोरच्या गृहस्थांचे नाव आहे का, हे पाहायला दोन मिनिटे पुरतात. सुसंस्कृत माणसाला असे प्रश्न विचारणे संकोचाचे वाटते, हीच अडचण आहे. प्रामाणिक मध्यस्थ या प्रश्नाने दुखावत नाही. वस्तीतल्या कार्यकर्त्यांनी आपल्या भागातील चार कुटुंबांना ही पडताळणी शेजारी बसून करून दाखवली, तर एखाद्या मोर्च्यापेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल. मुंबई ग्राहक पंचायतीने महारेराच्या सलोखा मंचात बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनांबरोबर बसून २०१८ पासून जे काम केले, ते अशाच चिकाटीचे उदाहरण होय.

आता या कायद्यातील सर्वांत मोठी फट. कलम ९ ची नोंदणी लागते ती नोंदणीकृत प्रकल्पातील विक्रीसाठी. पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पाला नोंदणीतून सूट आहे. ज्या जुन्या इमारतीची प्रकल्प म्हणून कधी नोंदणीच झाली नाही, तिच्यातील घराची फेरविक्री या चौकटीबाहेर राहते. भाड्याने घर देणे-घेणेही बाहेरच. म्हणजे दादर, गिरगाव, सदाशिव पेठ, धरमपेठ अशा जुन्या वस्त्यांत जे व्यवहार होतात, त्यांतील बहुसंख्य व्यवहारांत मध्यस्थावर नोंदणीचे बंधन नाही. वडिलोपार्जित घर विकणारी विधवा, परगावच्या नोकरीमुळे भाड्याने घर शोधणारा तरुण, ही माणसे नव्या प्रकल्पातील खरेदीदारापेक्षा अधिक असहाय असतात, आणि नेमकी तीच संरक्षणाबाहेर राहिली आहेत. कॅलिफोर्नियात परवान्याची अट फेरविक्रीला आणि दुसऱ्यासाठी घर भाड्याने देण्यालाही लागू आहे. आपल्याकडे तसे व्हायचे तर कायद्यात दुरुस्ती हवी, आणि ती मागणी ग्राहकांच्या बाजूनेच उठली पाहिजे.

तोपर्यंत हाताशी उरतो तो १८७२ चा करार कायदा. एजंटाने मालकाच्या सूचनेप्रमाणे वागावे, वाजवी कौशल्याने काम करावे, हिशेब द्यावा आणि मालकाला अंधारात ठेवून स्वतःचा फायदा साधू नये, हे त्यात स्पष्ट आहे. जुन्या घराच्या मध्यस्थाकडे काम सोपवताना एक साधे पत्र करावे. दलाली किती, ती कोणत्या टप्प्यावर द्यावयाची, समोरच्या पक्षाकडूनही तो दलाली घेणार आहे काय, व्यवहार फिसकटला तर बयाण्याचे काय, एवढे त्यात असले तरी पुरे. दलालीचा दर रेराने ठरवून दिलेला नाही. तो उभयतांच्या कराराचा विषय आहे. दलालीची रक्कम धनादेशाने वा बँकेतून द्यावी आणि पावती घ्यावी. मोबदला देऊन घेतलेल्या सेवेत कसूर झाली तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जाता येते, आणि तेथे पहिला प्रश्न मोबदला दिल्याचा पुरावा काय, हाच असतो.